ठोके आहेत, पण रक्त पोहोचते आहे का?

गरोदर स्त्रिया, त्यांचे घरचे आणि आरोग्यसेवेतले सर्व यांना तातडीचे आवाहन

तुमच्या घरात, शेजारी, वस्तीवर किंवा नात्यात कुणी सहा महिने पूर्ण झालेली गरोदर बाई असेल, तर हे आवाहन बाजूला ठेवू नका. आज वाचा, आणि जिच्यासाठी ते आहे तिला आजच वाचून दाखवा.

प्रसूतितज्ज्ञ म्हणून ओपीडीत बसले की एक वाक्य हमखास कानावर येते : "ठोके चांगले आहेत म्हणाले." बाईचे बीपी वाढलेले असते. पायावरची सूज चेहऱ्यावर आलेली असते. पोट महिन्याच्या मानाने लहान दिसत असते, बाळ पूर्वीसारखे फिरत नसते. तरीही ठोके ऐकू आले म्हणून घरचे निर्धास्त झालेले असतात आणि तिला घरी घेऊन गेलेले असतात. ते वाक्य खोटे नसते, पण त्याच्यावर विसंबणे जिवावर बेतते. वार निकामी होत चाललेल्या बाळाचे ठोके जवळजवळ शेवटपर्यंत ऐकू येतात. ठोके बिघडू लागतात तेव्हा बहुधा हातात फार थोडा वेळ उरलेला असतो. रक्तप्रवाह मात्र त्याच्या कितीतरी आधी बिघडतो : काही दिवस, कधी काही आठवडे आधी. तो बिघाड दाखवणारी तपासणी आपल्याकडे आहे. तिचे नाव कलर डॉप्लर सोनोग्राफी.

मागणे एवढेच आहे. ज्या गरोदरपणात गुंतागुंत आहे, तिथे डॉप्लर वेळेवर झालेच पाहिजे. आणि झालेला रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांच्या डोळ्यांखालून गेलाच पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १९ ते २० लाख बाळे मृत जन्मली. त्यांतली सुमारे ३ लाख ४० हजार भारतातली होती. इतका मोठा आकडा दुसऱ्या कुठल्याही देशाचा नव्हता. त्यांतले प्रत्येक बाळ डॉप्लरने वाचले असते, असे कोणताही जबाबदार डॉक्टर म्हणणार नाही. पण वार नीट काम करत नव्हती, बाळ आतल्या आत उपाशी राहत होते, आणि ते कुणाच्या लक्षात आले नाही, अशा मृत्यूंचा त्यात मोठा वाटा आहे. असे मृत्यू आपण टाळू शकतो.

आत नेमके काय बिघडते

बाळ पोटात असताना श्वास घेत नाही, जेवत नाही. त्याला प्राणवायू आणि अन्न मिळते ते वारेतून. वारेच्या एका बाजूला आईचे रक्त येते, दुसऱ्या बाजूला नाळेतून बाळाचे. दोन्ही रक्ते एकमेकांत मिसळत नाहीत, मधल्या पातळ पडद्यातून देवाणघेवाण होते. गरोदरपणाच्या शेवटी आईच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जाते. एवढे रक्त जावे म्हणून पहिल्या पाच महिन्यांत गर्भाशयाच्या भिंतीतल्या अरुंद, नागमोडी रक्तवाहिन्या रुंद आणि सैल व्हाव्या लागतात.

काही स्त्रियांमध्ये हे रुंदावणे अर्धवट राहते. मग वारेला रक्त अपुरे पडते, तिच्या आतल्या बारीक वाहिन्या एकेक करून बंद पडू लागतात आणि त्याचे परिणाम दोन्ही जिवांवर होतात. बाळाची वाढ खुंटते. आईचे बीपी चढते, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, यकृत आणि मूत्रपिंडावर ताण येतो, आणि वेळीच आवर घातला नाही तर झटके येतात. बीपीचा हा आजार आणि बाळाची खुंटलेली वाढ यांना आपण दोन वेगळ्या गोष्टी समजतो, पण पुष्कळदा दोन्हींचे मूळ या एकाच वारेत असते. म्हणूनच बीपी वाढले की केवळ आईला गोळी देऊन भागत नाही, बाळापर्यंत रक्त किती पोहोचते आहे तेही पाहावे लागते.

पडद्यावर काय दिसते

ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये मांडलेले तत्त्व असे : आवाजाचा स्रोत जवळ येतो की दूर जातो, त्याप्रमाणे त्याची कंपने बदलतात. वाहत्या रक्तपेशींवर आदळून परतणाऱ्या ध्वनिलहरींना तेच लागू होते. १९७७ मध्ये डब्लिनमधल्या डॉक्टरांनी या पद्धतीने पोटातल्या बाळाच्या नाळेतले रक्त मोजल्याचे प्रसिद्ध केले. आज ही सोय कितीतरी तालुक्यांच्या गावांतल्या सोनोग्राफी मशीनमध्ये आहे.

तपासणी अशी होते. बाई पाठीवर किंवा थोडी कुशीवर झोपते. पोटावर जेल लावून प्रोब फिरवला जातो. पाण्यात तरंगणारी नाळ सापडली की डॉक्टर एक बटण दाबतात आणि करड्या चित्रात लाल-निळे रंग उमटतात. मग नाळेच्या धमनीवर एक छोटी खूण ठेवली की पडद्याच्या खालच्या भागात करवतीच्या दात्यांसारखी लाट धावू लागते आणि मशीनमधून हुश्श-हुश्श असा आवाज येतो. प्रत्येक दात्याचे टोक म्हणजे बाळाच्या हृदयाचे आकुंचन, आणि दोन टोकांमधली दरी म्हणजे हृदयाची विश्रांती.

सगळे लक्ष त्या दरीकडे असते. वार निरोगी असेल तर हृदय विश्रांती घेत असतानाही रक्त पुढे सरकत राहते, म्हणून दरी खालच्या आडव्या रेषेच्या बरीच वर राहते. वारेतल्या वाहिन्या बंद पडू लागल्या की पुढे जायला अडथळा वाढतो आणि दरी खाली येते. आजार वाढला की ती रेषेला टेकते : म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त जागीच थांबते. त्याच्याही पुढे गेले की दरी रेषेखाली उतरते : म्हणजे रक्त उलटे, बाळाकडे परत येते. या टप्प्यावर वारेचा बहुतांश भाग निकामी झालेला असतो. आणि याच वेळी त्या बाळाचे ठोके मोजले तर ते मिनिटाला १४० भरू शकतात, अगदी नियमित.

डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत. बाळाच्या मेंदूतल्या एका धमनीतला प्रवाह ते पाहतात. रक्त कमी पडू लागले की बाळाचे शरीर ते हातपाय, आतडी, मूत्रपिंड यांच्याकडून काढून मेंदू, हृदय यांसारख्या अवयवांना देते. मेंदूकडचा प्रवाह वाढलेला दिसला की घरच्यांना बरे वाटते. पण ती बाळाची जगण्याची धडपड असते. आठव्या महिन्यानंतर सुरू होणाऱ्या त्रासात तर पुष्कळदा नाळेतला प्रवाह ठीक दिसतो आणि बिघाड फक्त मेंदूच्या या धमनीत दिसतो. त्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांत नाळेइतकीच ही धमनीही पाहायला हवी. यकृताजवळून हृदयाकडे जाणारी एक छोटी शीरही पाहिली जाते. तिच्यातला प्रवाह बिघडला, तर बाळाचे हृदयच थकू लागले आहे असा त्याचा अर्थ. तिथपर्यंत गोष्टी जाऊ न देणे हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू.

आईच्या बाजूने गर्भाशयाच्या धमन्या पाहतात. तिथला अडथळा ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीतही मोजता येतो. आईचे बीपी, तिची आधीची माहिती आणि रक्ताची एक चाचणी यांच्याशी तो जोडला की पुढे बीपीचा गंभीर आजार कुणाला होऊ शकेल याचा चांगला अंदाज येतो. अशा स्त्रियांना रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्याने ३७ आठवड्यांपूर्वी होणारा हा आजार ६२ टक्क्यांनी कमी झाला, हे २०१७ मध्ये युरोपातल्या मोठ्या चाचणीने दाखवून दिले. गोळी साधी आहे, स्वस्त आहे, पण ती १६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असते.

याने खरोखर जीव वाचतात का

वाचतात. जोखमीच्या गरोदरपणात डॉप्लर करून निर्णय घेतले तर काय होते, हे तपासणाऱ्या १९ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या आहेत. त्यांत दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. डॉप्लरच्या आधाराने उपचार झाले तिथे बाळांचे मृत्यू हजारामागे सुमारे १७ वरून १२ वर आले. आणि कळा आणवण्याचे तसेच सिझरचे प्रमाणही वाढले नाही, उलट थोडे कमी झाले. "डॉप्लर म्हणजे सिझरचे निमित्त" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. प्रवाह चांगला आहे असे दिसले की डॉक्टरही धीराने थांबू शकतात, बाळाला पोटात आणखी वाढू देऊ शकतात.

सरसकट प्रत्येकीला, काहीही त्रास नसताना वारंवार डॉप्लर करावे असा पुरावा आज नाही, आणि तसे आवाहनही मी करत नाही. माझे म्हणणे जोखमीच्या गरोदरपणाबद्दल आहे. तिथे टाळाटाळ परवडणारी नाही.

डॉप्लरबद्दल कुणी विचारायलाच हवे

पुढच्यांपैकी एक जरी गोष्ट असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा : "मला डॉप्लर लागेल का, आणि कधी?"

* बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त आले आहे, किंवा आधीच्या खेपेला बीपी वाढले होते, झटके आले होते.
* आधीचे बाळ पोटात गेले, फार कमी वजनाचे झाले किंवा दिवस भरण्याच्या बरेच आधी झाले.
* तपासणीत पोटाची उंची आठवड्यांच्या मानाने कमी आहे, किंवा सोनोग्राफीत बाळाचे वजन कमी किंवा पाणी कमी आहे.
* बाळाची हालचाल मंदावली आहे.
* मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, ल्यूपससारखा आजार किंवा सिकलसेल आहे. नंदुरबार, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतल्या घरांनी सिकलसेलकडे विशेष लक्ष द्यावे.
* जुळे आहे, त्यातही दोन्ही बाळांना मिळून एकच वार आहे. अशा जुळ्यांची सोनोग्राफी १६ आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी व्हायला हवी.
* आईचा रक्तगट निगेटिव्ह आहे आणि रक्तात प्रतिद्रव्ये तयार झाली आहेत. अशा बाळाला रक्तक्षय झाला आहे का, हे आता मेंदूच्या धमनीतल्या रक्ताच्या वेगावरून कळते. पूर्वी त्यासाठी पोटात सुई घालून पाणी काढावे लागे.
* आई मिश्री लावते, खर्रा किंवा तंबाखू खाते. मुंबईत झालेल्या अभ्यासात अशा मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले होते. इथे डॉक्टरांना विचारण्याबरोबरच पुडी आजच फेकायची आहे.

आणि पुढची लक्षणे असतील तर डॉप्लरची तारीख घेत बसू नका, सरळ दवाखाना गाठा, रात्र असली तरी : डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली पोटात कळ, अचानक चेहऱ्या-हातांवर सूज, अंगावरून रक्त जाणे, किंवा बाळाची हालचाल जाणवेनाशी होणे. बाळाबद्दल शंका असेल तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडा आणि हात पोटावर ठेवून लक्ष द्या. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर निघा. हालचाल अजिबात नसेल तर दोन तासही थांबू नका. "बाळ झोपले असेल, सकाळी बघू" हे शब्द आपल्या घरांतून कायमचे गेले पाहिजेत.

रिपोर्टमधली कुठली ओळ वाचायची

रिपोर्टमध्ये "गळ्याभोवती नाळेचा एक वेढा" असे दिसले की अख्खे घर हादरते. माहेरी-सासरी फोन होतात, आज्जी नवस बोलते. असा वेढा कितीतरी निरोगी बाळांना असतो आणि बहुतेकदा त्याने काही होत नाही. त्याच पानावर चार ओळी खाली नाळेच्या धमनीबद्दल इंग्रजीत लिहिलेले असते, की दोन ठोक्यांमधला प्रवाह दिसत नाही. त्या ओळीवर कुणाचीच नजर थांबत नाही. रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो, पिशवी कपाटात, आणि पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची असते.

प्रवाह थांबलेला किंवा उलटा आहे असा रिपोर्ट म्हणजे तातडीचा निरोप. त्या बाईला त्याच दिवशी अशा रुग्णालयात पोहोचवायला हवे जिथे प्रसूतितज्ज्ञ आणि नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग दोन्ही आहेत. तिथे बाळावर रोज नजर ठेवली जाते. दिवस कमी असतील तर बाळाची फुफ्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, आणि गरजेप्रमाणे बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट. प्रवाह थांबलेला असेल तर साधारण ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत आणि उलटा असेल तर ३० ते ३२ आठवड्यांपर्यंत बाळाला बाहेर काढण्याचा विचार होतो. बाळ किंवा आई त्याआधी बिघडली तर त्याहून लवकर. इतक्या लहान बाळाला पेटीत ठेवावे लागेल, खर्च होईल, धावपळ होईल. पण पेटीतल्या बाळासाठी काही करता येते.

प्रवाह थोडाच कमी असेल तर घाबरून जाऊ नका आणि निर्धास्तही होऊ नका. पुढची तपासणी कधी, हे तारखेसह कागदावर लिहून घ्या. आठवड्याने म्हटले असेल तर आठव्या दिवशी जा.

ज्या समजुतींनी उशीर होतो

पहिली समजूत : तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचे नाही. बाहेर सांगू नका, पण दवाखान्यात सांगा. पहिल्या तीन महिन्यांत झालेल्या सोनोग्राफीवरूनच बाळाचे दिवस अचूक ठरतात. ती नसेल तर सातव्या महिन्यात लहान दिसणारे बाळ खरोखर खुंटले आहे की दिवसच चुकीचे मोजले आहेत, हे सांगणे फार अवघड होते.

दुसरी : जास्त सोनोग्राफी केली की बाळाला त्रास होतो. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. डॉप्लरमध्ये त्यांची ऊर्जा साध्या सोनोग्राफीपेक्षा जास्त असते, म्हणून अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत ते विनाकारण करत नाहीत आणि नंतरही गरजेपुरतेच करतात. पण कारण असताना, जाणकार हातांनी केलेल्या तपासणीने बाळाचे नुकसान झाल्याचा पुरावा नाही.

तिसरी : सिस्टरनी डॉप्लर लावून बघितले आहे. उपकेंद्रात ठोके ऐकवणारे छोटे यंत्र असते, त्यालाही डॉप्लर म्हणतात. ते फक्त ठोके ऐकवते. रक्तप्रवाहाची तपासणी सोनोग्राफी मशीनवरच होते, आणि तिचा लाटांच्या चित्रांसह छापील रिपोर्ट मिळतो. तो हातात नसेल तर ती तपासणी झालेली नाही असे समजा.

चौथी : आमच्या घरातल्या बायका बारीकच, बाळेही बारीकच होतात. तसे असेलही. आई-वडील लहानखुरे असले की बाळ निरोगी असूनही लहान असू शकते. पण लहानखुरे निरोगी बाळ आणि उपाशी बाळ यांतला फरक नुसत्या अंदाजाने कळत नाही. तो सांगण्यात डॉप्लरचा मोठा हात असतो.

कायद्याची भीती नको, कायद्याचा मान हवा

महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. मुलींना जन्माआधीच नाकारणाऱ्या समाजाला हा कायदा हवाच होता आणि आजही हवा. त्यात सूट मागण्याचा प्रश्नच नाही. लिंग विचारणे आणि सांगणे, दोन्ही गुन्हा आहे. पण बाळाची वाढ आणि रक्तप्रवाह पाहणे हे या कायद्याला पूर्ण मान्य असलेले कारण आहे. फॉर्म नीट भरावा, नोंदणी असलेल्या केंद्रातच तपासणी करावी, मग कुणालाही भिण्याचे कारण नाही. कागदपत्रांच्या कटकटीला कंटाळून जोखमीच्या बाईला "पुढच्या केंद्रात जा" सांगणे हे कायद्याचे पालन नव्हे.

आता प्रत्येकाला वेगळी विनंती

गरोदर ताईंनो, माता व बाल संरक्षण कार्ड आणि सगळे सोनोग्राफी रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा, आणि माहेरी जाताना ती पिशवी आधी घ्या. सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी आलेल्या कितीतरी लेकींची फाइल सासरी राहिलेली असते, आणि नव्या डॉक्टरांना आधीच्या वाढीचा हिशेबच मिळत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तिथे मोफत तज्ज्ञ तपासणी मिळते. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तपासण्या, औषधे, प्रसूती, सिझर आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत असते. हा तुमचा हक्क आहे, तो मागून घ्या. तातडीला १०८ लावा.

नवऱ्यांनो, सासू-सासऱ्यांनो, डोहाळजेवण जरूर करा, ओटी भरा. पण त्याच महिन्यात बीपी मोजले गेले का, पोटाची उंची मापली गेली का, वाढीची सोनोग्राफी झाली का, हेही विचारा. तिला "थोडे कमी वाटते आहे बाळ" असे वाटले, तर ते तिचे लाड म्हणून सोडून देऊ नका. गाडी काढा.

आशाताईंनो, अंगणवाडीताईंनो, कोणत्या घरात काय चालले आहे ते तुम्हालाच आधी कळते. तुमच्या यादीतल्या जोखमीच्या प्रत्येक बाईच्या नावापुढे एक रकाना वाढवा : डॉप्लर झाले का, आणि रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिला का. दोन्हींपैकी एक "नाही" असेल तर त्या घरी आज पुन्हा जा. मेळघाटातल्या पाड्यावर, धडगावच्या डोंगरात, गडचिरोलीच्या नदीपलीकडे हे किती अवघड आहे याची जाणीव ठेवूनच ही विनंती करते आहे.

मुकादमांनो, साखर कारखान्यांच्या संचालकांनो, दिवाळीच्या सुमारास बीडहून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांत गरोदर बायका असतात. सहा-सहा महिने त्या फडात मोळ्या बांधतात, कोपीवर राहतात आणि त्यांची तपासणी होतच नाही. टोळी पोहोचली की गरोदर बायकांची यादी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या. तपासणीच्या दिवसाचा खाडा धरू नका. कारखान्याची गाडी महिन्यातून एक दिवस त्यांच्यासाठी सोडा.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनो, प्रवाह थांबलेला किंवा उलटा दिसला तर रिपोर्ट छापून हातात देण्यावर थांबू नका. प्रसूतितज्ज्ञांना तिथूनच फोन करा, आणि रिपोर्टच्या डोक्यावर मराठीत, ठळक लिहा : "आजच डॉक्टरांना दाखवा." रेडिऑलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये "संरक्षण" नावाचा कार्यक्रम सुरू करून शेवटच्या तिमाहीतल्या सोनोग्राफीला डॉप्लरची जोड देण्याचे काम हाती घेतले आहे, मध्य प्रदेशातल्या गुनासारख्या ग्रामीण जिल्ह्यातही. आपल्या जिल्ह्यात ते कोण करणार, हे पुढच्या बैठकीत ठरवा.

प्रसूतितज्ज्ञ मित्रमैत्रिणींनो, "डॉप्लर करून घ्या" एवढेच चिठ्ठीवर लिहू नका. कशासाठी आणि किती दिवसांत, तेही लिहा. तिला दोन मिनिटे देऊन सांगा. जिला कारण कळते ती परत येते.

आमदार, जिल्हा परिषद सदस्य आणि आरोग्य अधिकारी यांच्याकडे माझे मागणे ठोस आहे. जिथे सिझर होते अशा प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात चालू स्थितीतले डॉप्लर मशीन असावे, ते चालवणारा प्रशिक्षित डॉक्टर आठवड्यातले ठरलेले दिवस तरी हजर असावा, आणि रिपोर्ट त्याच दिवशी मिळावा. मशीन आहे पण बंद आहे, मशीन चालते पण डॉक्टर नाहीत, अशी ठिकाणे तुमच्या मतदारसंघात किती आहेत ते या महिन्यात स्वतः जाऊन पाहा. पोटात गेलेल्या प्रत्येक बाळाची चौकशी माता मृत्यूच्या चौकशीइतक्याच गांभीर्याने करा, आणि तिच्यात एक प्रश्न न चुकता विचारा : डॉप्लर झाले होते का? २०३० पर्यंत मृत जन्मांचे प्रमाण हजारामागे दहाच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट देशाने २०१४ मध्येच स्वीकारले आहे. मुदत फार दूर राहिलेली नाही.

गावातल्या जाणत्या मंडळींनो, महिला बचत गटांनो, गणेश मंडळांनो, तुम्हीही हातभार लावू शकता. एका जोखमीच्या बाईला तालुक्याला नेऊन आणण्याचा गाडीखर्च, तिच्यासोबत जाणारी एक बाई, आणि घरातल्या मोठ्या मुलाला दिवसभर सांभाळणारे एक घर, एवढी सोय झाली तरी तिची तपासणी चुकत नाही. पुष्कळ तपासण्या पैशांपेक्षा अशा कारणांनीच राहतात.

आज संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने एक काम करावे. ओळखीतल्या एका गरोदर बाईला फोन करा आणि तीन प्रश्न विचारा : शेवटचे बीपी किती होते? बाळ पहिल्यासारखे फिरते आहे ना? शेवटच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिला का? एकाही उत्तरात "माहीत नाही" किंवा "नाही" आले, तर उद्या सकाळी तिला दवाखान्यात घेऊन जा. बाळाची हालचाल कमी झाली असेल किंवा डोके दुखत असेल, तर सकाळचीही वाट पाहू नका.